देवमासे पाहायला जाताना: आधी महिना, मग तिकीट

विमानाचं तिकीट काढण्याआधी महिना नक्की करा. बहुतेक गडबड इथेच होते. हंपबॅक जातीचे देवमासे थंड पाण्यात चरतात आणि विणीसाठी उबदार पाण्यात उतरतात. म्हणून हवाईच्या माउईला जानेवारी ते मार्च, पण विषुववृत्ताखाली ऋतू उलटे, म्हणून तिथल्या टोंगा बेटांना जुलै ते ऑक्टोबर. ब्लू व्हेलसाठी श्रीलंकेत मिरिसा, डिसेंबर ते एप्रिल. पुढे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याने दक्षिण किनारा खवळतो, तेव्हा पूर्व किनाऱ्यावरची त्रिंकोमाली गाठावी. बोट अजिबात सोसत नसेल तर दक्षिण आफ्रिकेतलं हर्मानस: ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये सदर्न राइट व्हेल किनाऱ्यावरच्या कड्यांवरून दिसतात.

दोन-तीन दिवस हाताशी जास्तीचे ठेवा. वारा वाढला की फेरी रद्द होते. सकाळची फेरी घ्या, तेव्हा वारा सहसा कमी असतो. पैसे भरण्याआधी बोटवाल्याला विचारा, देवमाशापासून किती अंतर ठेवता? हवाईत हंपबॅकच्या साधारण 90 मीटरच्या आत जायला कायद्यानेच मनाई आहे. 'अगदी जवळ नेतो' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. पाठलाग झाला की मादी पिल्लाला दूध पाजायचं सोडून पळते.

बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटायच्या तासभर आधी घ्या. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. काही गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून आधी एकदा घरी घेऊन पाहा. पोट रिकामं नको, तुडुंबही नको. जागा बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर धरा आणि नजर क्षितिजावर ठेवा.

विंडचीटर, कानटोपी, सनस्क्रीन, पाणी. दुर्बीण 7×50 किंवा 8×42 (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये). 10 पटींच्या वर हलत्या बोटीत चित्र नुसतं थरथरतं. कॅमेऱ्याचा शटर 1/1000 सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. बोटीवर लेन्स बदलू नका, खारे तुषार आत जातात.

पाण्यावर आधी देवमाशाच्या उच्छ्वासाचा फवारा शोधा. सदर्न राइटचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा, स्पर्म व्हेलचा डावीकडे पुढे झुकलेला. स्पर्म व्हेलने शेपूट उभारून बुडी मारली, की पाऊणएक तास तो वर येत नाही; फोटो शेपूट वर असतानाच काढायचा. देवमासा खाली गेला, की पाण्यावर तेल सांडल्यासारखं गुळगुळीत वर्तुळ उरतं. नवखे तिकडेच पाहत बसतात. तो ज्या दिशेने चालला होता, त्या दिशेला पुढे नजर ठेवा.