नवलेखकांचा ऑनलाइन गट कसा उभारावा

नवलेखकांच्या गटात येणारा जवळजवळ प्रत्येक जण आपले लेखन कोणीतरी वाचावे या आशेने येतो. दुसऱ्याचे वाचायला मिळेल म्हणून क्वचितच कोणी येतो. त्यामुळे अशा गटात लेखनाचा तुटवडा कधी पडत नाही, तो पडतो मन लावून वाचणाऱ्यांचा. गटाचे नियम मुख्यतः हा तुटवडा भरून काढण्यासाठी करायचे आहेत, एवढे धरून चालले की पुढचे बरेचसे निर्णय सोपे होतात.

साधा हिशेब करून पाहावा. चाळीस सभासदांनी दर आठवड्याला प्रत्येकी १,५०० शब्द टाकले, तर ६०,००० शब्द जमतात, म्हणजे जवळपास एक कादंबरीच. ती दर आठवड्याला कोण वाचणार? उलट बारा सभासद असतील आणि आठवड्याला तिघांनीच लेखन टाकायचे असेल, तर वाचायचे शब्द ४,५०० होतात, ते एका बैठकीत संपतात आणि प्रत्येकाचा क्रम चार आठवड्यांनी लागतो. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ आणि टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये दोन लाख माणसे मावतात हे खरे; पण किती मावतात यावरून किती घ्यावीत हे ठरवू नये. दहा-बारा जणांपासून सुरुवात करावी आणि प्रवेश देण्यापूर्वी प्रत्येकाकडून दोन गोष्टी मागाव्यात: स्वतःच्या लेखनाचे एक पान आणि दुसऱ्या कोणाच्या पानावर लिहिलेला अभिप्राय. माझ्या मते यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कच्चे लिहिणारा सुधारतो. न वाचणारा सहसा तसाच राहतो.

संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ प्रमाण मांडले होते. ऑनलाइन समूहातील ९० टक्के लोक नुसते पाहतात, ९ टक्के अधूनमधून भाग घेतात आणि बहुतेक सगळा मजकूर उरलेल्या १ टक्क्याकडून येतो. बारा जणांच्या गटाला हे प्रमाण परवडणारे नाही, म्हणून वाचन ऐच्छिक ठेवू नये. १९९५ पासून चाललेल्या 'क्रिटर्स' या विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लेखकांच्या ऑनलाइन कार्यशाळेत सभासदाने साधारण चारपैकी तीन आठवडे एक तरी अभिप्राय लिहावा, अशी अपेक्षा असते. 'क्रिटिक सर्कल' या अशाच संकेतस्थळावर अभिप्राय लिहून गुण कमवावे लागतात आणि ते खर्च करून आपली कथा वाचनासाठी ठेवता येते. लहान गटाला एवढी यंत्रणा लागत नाही. सर्वांना दिसेल अशा एका तक्त्यात कोणी कोणाचे काय वाचले याची नोंद ठेवावी आणि दोन लेखनांवर अभिप्राय दिल्याशिवाय स्वतःचे एक टाकता येणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. मागाहून लादलेला नियम शिक्षेसारखा वाटतो.

गप्पांची जागा आणि लेखनाची जागा वेगळी असावी. चॅटमध्ये टाकलेली कथा संध्याकाळपर्यंत शुभेच्छा आणि फॉरवर्ड यांच्याखाली गाडली जाते, आणि तिच्यावरचे अभिप्राय तर शोधूनही सापडत नाहीत. गप्पा चॅटवर चालू द्याव्यात. लेखन मात्र गूगल डॉक्ससारख्या ठिकाणी ठेवून सभासदांना फक्त टिप्पणीची परवानगी द्यावी, म्हणजे मूळ मजकुराला धक्का न लागता ज्या ओळीविषयी बोलायचे त्या ओळीशेजारीच बोलता येते. आणखी एक दक्षता आवश्यक आहे. अनेक नियतकालिके आणि स्पर्धा केवळ अप्रकाशित लेखन स्वीकारतात, आणि सर्वांना खुल्या असलेल्या पानावरील मजकूर त्यांच्या दृष्टीने प्रकाशित ठरू शकतो. म्हणून गट बंदिस्त असावा आणि कोणाचेही लेखन विचारल्याशिवाय बाहेर जाऊ नये.

गट टिकतो की नाही, हे मुख्यतः अभिप्रायांच्या दर्जावर ठरते. समजा, एका कथेत दुसऱ्या परिच्छेदात आजी अंथरुणाला खिळलेली आहे आणि पाचव्या परिच्छेदात कडी वाजताच ती उठून दार उघडते. यावर 'खूप छान, डोळ्यांत पाणी आले' असे आठ जणांनी लिहिले, तरी लेखिकेच्या हाती काही लागत नाही. 'कथा जमली नाही' हा शेराही तितकाच निरुपयोगी असतो. 'आजी दारापर्यंत कशी पोहोचली, या विचारात मी अडकलो आणि दारात उभा असलेला मुलगा माझ्याकडून निसटला' हे वाक्य मात्र उपयोगी आहे, कारण वाचक कोठे अडखळला आणि त्यामुळे त्याचे काय हुकले, हे त्यातून कळते. आजीला बरे करायचे की दार दुसऱ्या कोणाला उघडायला लावायचे, हे लेखिकेने ठरवावे. प्रत्येक अभिप्रायात निदान एक अशी नेमकी जागा दाखवलीच पाहिजे, असा दंडक ठेवावा.

१९५६ मध्ये सुरू झालेल्या, अमेरिकेतील मिलफर्ड येथील लेखक-कार्यशाळेतून एक पद्धत रूढ झाली. तिच्यात प्रत्येक जण पाळीपाळीने बोलतो, लेखक तोपर्यंत गप्प राहतो आणि शेवटी एकदाच उत्तर देतो. ऑनलाइन गटाला ही पद्धत अधिकच लागू आहे, कारण समोर टिप्पणी दिसताच बोटे शिवशिवतात. लेखन टाकल्यावर तीन दिवस लेखकाने खुलासा करू नये. जे खुलासा करून सांगावे लागते, ते पानावर उतरलेले नसते, हे त्या तीन दिवसांत त्याच्याच लक्षात येऊ लागते.

ॲडमिन दोघे असावेत, म्हणजे एकाशीच वाद झाला तर दाद मागायला जागा उरते. देखरेखीकडे दुर्लक्ष मोठ्या समूहांनाही महाग पडते. १९९९ मध्ये २१ जणांनी सुरू केलेल्या आणि पुढे लाखोंपर्यंत पोहोचलेल्या 'नॅनोरायमो' या कादंबरीलेखन उपक्रमात २०२३ मध्ये चर्चामंचांवरील देखरेखीबद्दल आणि अल्पवयीनांच्या सुरक्षिततेबद्दल गंभीर तक्रारी झाल्या. २०२५ मध्ये तो बंद होत असल्याचे जाहीर झाले. त्यामागे पैशांची अडचणही होती. आपल्या गटात अल्पवयीन सभासद घ्यायचे की नाही, हे म्हणूनच आधी ठरवावे, आणि घेतल्यास खासगी संदेशांविषयीचा नियम स्पष्ट लिहून ठेवावा.

पहिल्या आठवड्यात सगळे एकमेकांची वाट पाहतात. अशा वेळी ॲडमिनने स्वतःचे एक खरोखर फसलेले पान टाकावे, नीटनेटके केलेले नव्हे, आणि त्यावर तीन दिवस गप्प बसावे.