बोअर मारताना भेगा बुजू देऊ नका भाऊ

धुळे-साक्रीकडं खाली काळा पाषाण, पाणी दगडात नाही, भेगांत असतं, म्हणून किती फूट गेलो यापेक्षा भेग मोकळी राहिली का ते बघा. तेलविहिरीत यासाठीच अंडरबॅलन्स्ड ड्रिलिंग करतात, म्हणजे बोअरमधलं प्रेशर दगडाच्या थरातल्या प्रेशरपेक्षा कमी ठेवायचं, मग थरातलं बोअरमध्ये येतं, घाण थरात घुसत नाही. तिथं तोंडाशी फिरतं सील आणि चोक (दाब कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह) लावून कंट्रोल करतात, आपली हवेच्या दाबावर हॅमरनं दगड फोडणारी बोअरची गाडी थोडंफार तेच करते, फक्त कंट्रोल म्हणजे ऑपरेटरचा मूड!

आधी पक्का दगड लागेपर्यंत केसिंग (बोअरच्या आत बसवायचा पाइप) टाका, नाहीतर वरून माती पडतच राहते. पाणी लागलं की खरी काळजी. रॉड जोडायला हवा बंद केली की गढूळ पाणी दगडाच्या भुकटीसकट परत खाली बसतं, आणि ते भेगेतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर उभं राहिलं तर दर 10 मीटरला साधारण 1 बार जास्तीचा दाब, भुकटी सरळ भेगेत. तेलवाल्यांचंही जोडणीच्या वेळीच बिनसतं. म्हणून हवा बंद करायच्या आधी भुकटी पूर्ण बाहेर काढा, मग रॉड पटकन जोडा.

रावेर-यावलच्या गाळात मात्र हे चालत नाही, भिंत ढासळते, तिथं बोअरमध्ये चिखल फिरवत खोदणारी रोटरी गाडीच लागते आणि नंतर तो चिखल नीट धुवून काढावा लागतो.

शेवटी फ्लशिंग, म्हणजे हवा मारून बोअर धुणं. माझ्या बोअरला गाडीवाला घाईत निघून गेला, मोटर महिनाभर गाळ ओढत होती. पाणी नितळ येईपर्यंत गाडी हलू देऊ नका, पैसे त्यानंतरच द्या.