फराळाची वेबसाइट करायची आहे? मग भाजणी दळायच्या आधी हे उरकून घ्या

दसऱ्याला वेबसाइट सुरू करू असं कोणी म्हणालं ना, की मी पहिल्यांदा विचारते, डोमेन कोणाच्या नावावर आहे? आणि समोरची गप्प होते. मी इंदूरला सुदामा नगरात घरूनच फराळ आणि मसाले करते, आणि यंदा गणपतीच्या आधीपासूनच तीन-चार जणी विचारून गेल्या की साइट कशी केलीस, कोणाकडून केलीस, खर्च किती आला. प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. क्रम माझा आहे, ठेच खाऊन बसवलेला, कोणाला उलटा वाटला तर वाटो.

तर पहिलं काम डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. ओळखीतल्याच एका मुलाने मला पहिली साइट करून दिली होती, पैसेही फार घेतले नाहीत, मी खूश. डोमेन त्याने स्वतःच्या ईमेलवरून घेतलं, मला कुठे काय कळत होतं, साइट उघडतेय ना, बस. मग तो नोकरीला बेंगळुरूला गेला, नंबर बदलला, आणि रिन्यू करायच्या मेल त्याच्या जुन्या इनबॉक्सात पडून राहिल्या. ऐन वसुबारसेला साइट बंद. डब्यांवर लावायचे सातशे स्टिकर छापून आलेले, त्यावर हाच पत्ता. रात्री जेवणं झाल्यावर मी आणि सासूबाई काळा मार्कर घेऊन एकेका स्टिकरवरची शेवटची ओळ खोडत बसलो होतो, आणि मधेच त्या म्हणाल्या, "एवढ्या वेळात अनारसे थापून झाले असते." मी काय बोलणार.

म्हणून साइट कोणीही बनवू दे, भाचा असो की कंपनी, डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइलवर आणि तुमच्याच कार्डने घ्यायचं. बनवणाऱ्याला लागेल तेवढा अ‍ॅक्सेस द्या, पण मालकी नाही. नवीन डॉट कॉम घेतलं की साधारण पहिले ६० दिवस ते दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही, तेव्हा "आत्ता माझ्या अकाउंटवर घेतो, नंतर तुम्हाला देतो" हे सणाच्या तोंडावर मुळीच ऐकू नका. ऑटो रिन्यू चालू करा आणि कार्ड कधी संपतंय तेही बघा, कारण कार्ड संपलं की ऑटो रिन्यू काय करणार. माझी एक निळी डायरी आहे, भाजणीचं प्रमाण ज्यात लिहिलंय तीच, तिच्या मागच्या पानावर डोमेन कुठून घेतलं, कोणत्या ईमेलवर, कधी संपतं, होस्टिंग, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते ती जागा, कोणाचं, सगळं हाताने लिहिलेलं आहे. पासवर्ड मात्र तिथे नाही, तो कपाटात.

नाव ठरवताना एक गंमत करून बघा. गावाबाहेरच्या कोणालातरी फोन करायचा, नाव एकदाच सांगायचं आणि म्हणायचं टाइप कर. मी जबलपूरच्या मावशीला सांगितलं, तर तिने फराळ पीएचने लिहिलं, तिच्या सुनेने एफने, आणि नातवाने शेवटी डबल ए टाकला. म्हणजे फराळ हा शब्दच पत्त्यातून बाद झाला. देवनागरीत डॉट भारत पण मिळतं, २०१४ पासून, ऐकायला छान वाटतं, पण आपली गिऱ्हाइकं टाइप रोमनमध्येच करतात, तेव्हा हौस असेल तर दुसरं म्हणून घ्या, पहिलं नको.

आता गिऱ्हाईक शोधतं काय हे लिहून काढायचं, आणि इथे आपण इंदूरवाले मराठी लोक हमखास चुकतो. आपण लिहितो करंजी, आणि शेजारच्या जैन भाभी शोधतात गुजिया. आपली चकली त्यांची चकरी, आपले शंकरपाळे त्यांचे शक्करपारे. भाजणी आणि मेतकूट ज्यांना हवंय ते मराठीच असणार, पण ते तरी शोधताना "महाराष्ट्रीयन नाश्ता" असंच टाकतात. तर दर पदार्थाची मराठी, हिंदी नावं आणि रोमनमधली दोन-तीन स्पेलिंगं एका पानावर काढा, आणि वस्तूच्या वर्णनात ती साधेपणाने गुंफा, जसं की "चकली, म्हणजे इंदूरात जिला चकरी म्हणतात". नुसती शब्दांची माळ लावू नका, वाचणाऱ्यालाही ते कळतं आणि गूगललाही. ही नावं मिळवायला मला कुठलं महागडं टूल लागलं नाही, जुन्या व्हॉट्सअ‍ॅप चॅटमध्ये लोकांनी जे शब्द वापरून विचारलं होतं तेच उतरवून घेतले, दोन संध्याकाळी गेल्या फक्त.

गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवर शोधताना आणि नकाशात दिसणारी आपल्या धंद्याची नोंद, साइटच्या आधी करा. फुकट आहे आणि पडताळणीला वेळ लागू शकतो, व्हिडिओ मागतात, गल्ली, घर, कामाची जागा, भांडी, सगळं दाखवावं लागतं. घरून काम असेल तर पत्ता लपवता येतो आणि कुठल्या भागात माल देता तेवढंच दाखवता येतं, बायामाणसांनी हे जरूर करावं, नाहीतर दुपारी झोपेच्या वेळी कोणीतरी बेल वाजवतंच. नावात "बेस्ट फराळ इंदूर" वगैरे घुसडू नका, खरं नाव द्या, नाहीतर प्रोफाइल बंद पडू शकतं. आणि रिव्ह्यू द्या म्हणजे पाव किलो चिवडा फ्री असलं काही नको, नियमात बसत नाही ते. याच प्रोफाइलबरोबर पूर्वी एक फुकट वेबसाइट मिळायची, आमच्याकडे कितीतरी जणांचं त्यावरच भागायचं, ती गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद करून टाकली. दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडलं की असंच होतं, त्यांनी ओटा मागितला की उठायचं. इन्स्टाचंही तेच, म्हणून इन्स्टा ठेवा पण गिऱ्हाइकांची यादी स्वतःकडे पाहिजे.

ती यादी माझ्या मते साइटहूनही महत्त्वाची आहे. नाव, नंबर, कुठल्या कॉलनीत, मागच्या वर्षी काय नेलं, तिखट चालतं का. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेससाठी वेगळं सिम घ्या, घरच्या नंबरवर चालवलं की मामेबहिणीच्या साखरपुड्याच्या फोटोंत ऑर्डर हरवते. कॅटलॉग भरा, किमतीसकट, "भावासाठी मेसेज करा" लिहू नका, लोक करतच नाहीत. ब्रॉडकास्टची, म्हणजे एकच मेसेज एकदम बऱ्याच जणांना वेगवेगळा पाठवायच्या सोयीची, खुबी माहीत नसते बऱ्याच जणींना, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि मेसेज त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. म्हणून दर डब्यात मी एक चिठ्ठी टाकते, नंबर सेव्ह करा, पुढच्या वेळी भाव आणि तारखा आधी कळतील. आणि ज्यांनी नको म्हटलं त्यांना पाठवायचं नाही, साधी गोष्ट आहे.

कागदपत्रं. हे कंटाळवाणं आहे पण साइटच्या आधीच उरकायचं. खाण्याच्या वस्तूला एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा खात्याचा, १४ आकडी नंबर लागतो, तो लेबलवर हवा आणि माझ्या मते साइटवरही ठेवावा. लेबलवर घटक, निव्वळ वजन, हिरवी खूण, कधी केलं, कधीपर्यंत चांगलं, एमआरपी, आपलं नाव-पत्ता. आणि जीएसटीचं एक नीट ऐका, गावातल्या गावात विकताना उलाढाल कमी असेल तर नोंदणी लागत नाही, पण पुण्याच्या किंवा बडोद्याच्या गिऱ्हाइकाला माल विकला की ती राज्याबाहेरची विक्री, तिथे उलाढाल कितीही छोटी असली तरी नोंदणी लागते. मला हे सीएने सांगितलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला, कारण आमच्या सगळ्यांचीच पोरं पुण्यात, आणि साइट मुळात त्यांच्यासाठीच काढायची होती. तर सीएकडे सणाच्या दोन महिने आधी जा, दिवाळीत तेही बिझी आणि आपणही.

साइटवर विकायचं तर २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम आहेत, त्यात तुमचं कायदेशीर नाव, पत्ता, फोन, परतीचे नियम आणि तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव द्यावं लागतं, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात. आमच्याकडे तक्रार अधिकारी म्हणजे आमचे हे, त्यांना अजून एकच तक्रार आलीय, कडबोळी खुसखुशीत नव्हती म्हणून, आणि ती माझ्याच नणंदेची. पेमेंट गेटवेवालेही, म्हणजे साइटवर कार्डाने-यूपीआयने पैसे घ्यायची सोय देणाऱ्या कंपन्याही, हीच पानं मागतात, परतीचं, पाठवणीचं, प्रायव्हसीचं, ती नसली की अर्ज अडकतो. दुसऱ्याच्या साइटवरून कॉपी करू नका, एकीच्या पानावर बुटांच्या साइझ बदलून मिळतील असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय.

गेटवेचा साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी धरा, हजाराच्या ऑर्डरला २३ रुपये ६० पैसे. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला एमडीआर, म्हणजे पैसे घेण्यावर कापलं जाणारं शुल्क, नाही, पण गेटवे स्वतःची फी वेगळी लावू शकतो, तेव्हा विचारून घ्या. पैसे सगळे किमतीत धरलेले हवेत, नाहीतर सियागंजाच्या घाऊक बाजारातून तेल-बेसन घासाघीस करून आणायचं आणि इथे सोडून द्यायचं.

कुरियरचा हिशोब मात्र बसून करा, खरा तोटा इथेच होतो. कुरियरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणतात आणि बरेच जण ५००० ने भागतात, जे जास्त येईल त्याचे पैसे. चिवडा म्हणजे हवाच, ३० बाय २५ बाय २० चं खोकं काट्यावर दीड किलो भरतं आणि बिल ३ किलोचं येतं. लाडू उलटे, छोट्या खोक्यात जड. म्हणून मी आता बाहेरगावी नुसता चिवडा पाठवतच नाही, लाडू आणि शंकरपाळ्यांच्या फटीत चिवड्याची पुडी बसवते आणि तोच "पुणे डबा" म्हणून साइटवर ठेवलाय. साइट बनवणाऱ्याला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर तो प्रत्येक वस्तू सुटी लावून मोकळा होतो.

फोटो फोनवरच काढा, पण सकाळी दहाच्या सुमारास खिडकीपाशी, बल्ब बंद करून. स्टीलच्या ताटात काढू नका, ताटात तुमचाच हात नि फोन दिसतो. करंजी एक मोडून ठेवा, सारण दिसलं पाहिजे, आणि एका फोटोत हात येऊ द्या म्हणजे लाडू केवढा ते कळतं. मग फोटो लहान करून टाकायचे, एकेक पाच एमबीचा फोटो टाकला की साइट उघडेपर्यंत माणूस छप्पन दुकानला, आमच्या इंदूरच्या खाऊगल्लीत, जाऊन पोहे खाऊन येईल. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस (https) आहे ना बघा, नाहीतर क्रोम २०१८ च्या जुलैपासून "असुरक्षित" असं दाखवतो, आणि तो ठप्पा बघून कोण पैसे भरेल. त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट फुकटातही मिळतं, कोणी वेगळे हजारो मागितले तर कशाचे ते विचारा.

साइटवर एक ओळ सगळ्यात वर हवी, ऑर्डर कुठल्या तारखेपर्यंत घेणार. धनत्रयोदशीपासून उलटं मोजा, बाहेरगावचे किमान आठ दिवस आधी बंद. रोज किती किलो होतं तेही मोजा, माझ्या दोन कढया आणि एक मदतनीस, त्यापुढे साइटने ऑर्डर घेतली तर तळणार कोण?

जाहिरातीला मी फार महत्त्व देत नाही पहिल्या वर्षी. करायचीच तर रोजचे थोडे पैसे, भाग फक्त इंदूर, आणि लिंक थेट त्या डब्याच्या पानाची. इन्स्टाच्या पोस्टखालचं "बूस्ट करा" बटण पैसे भरून दाबलं की लाइक येतात, ऑर्डर येईलच असं नाही. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा कुठून कळलं आणि डायरीत लिहा. माझ्याकडे निम्म्याहून जास्त "अमकीने सांगितलं" आहेत, ते लिहिल्यावरच मी जाहिरातीचे पैसे कापून चिठ्ठ्या छापल्या.

आणि नवरात्राच्या आधी एक खरी ऑर्डर करून बघा, आपल्या फोनवरून नाही, घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवरून. सासूबाईंच्या फोनवर "पैसे भरा" हे बटण कीबोर्डच्या मागे जात होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. ती ऑर्डर पुण्याला भाच्याकडे खरंच पाठवली आणि त्याला म्हटलं खोकं माझ्यासमोर व्हिडिओ कॉलवर उघड. वीस चकल्यांतल्या अकरा मोडलेल्या. तो म्हणाला, "मामी, चवीला काही फरक नाही गं," आणि खात बसला, पण मी त्याच संध्याकाळी राजवाड्याच्या बाजारात जाऊन उभे गोल डबे आणले, ज्यात चकल्या एकावर एक बसतात.