जर्मन बोलताना अडकताय? इंग्रजीवरून नको, मराठीवरून शिका

पुण्यात मॅक्स म्युलर भवनला जर्मनची ए२ पातळी करून मी जर्मनीत श्टुटगार्टला आले तेव्हा वाटलेलं सहा महिन्यात फाडफाड बोलेन, पण तीन वर्षं झाली तरी बेकरीतल्या बाईने उलट काही विचारलं की घसा कोरडा पडायचा. ऑफिसात सगळं इंग्रजी, घरी मराठी, जर्मन फक्त पोस्टाने येणाऱ्या पत्रांत. मधे बी१ची, म्हणजे पुढच्या पातळीची परीक्षाही पास झाले, नागरिकत्वासाठी लागते तीच, तरी तोंडातून वाक्य निघेना. नंतर ज्या गोष्टींनी खरंच फरक पडला त्या लिहितेय, कारण माझ्यासारखे अडकलेले आपले खूप लोक इथे आहेत आणि कोर्समधे हे कुणी सांगत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डोक्यात इंग्रजी वाक्य तयार करून त्याचं जर्मन करणं बंद करा. आपली मराठी जास्त जवळची आहे, खरंच. थंडी वाजत असेल तर ते म्हणतात "मिअर इस्ट काल्ट", म्हणजे सरळ "मला थंडी वाजतेय", मी थंड आहे असं नाही. "डास गेफेल्ट मिअर" म्हणजे "ते मला आवडतं", आवडणारी गोष्ट कर्ता आणि आपण "मला", अगदी आपल्यासारखंच. आणि ते "वाइल" म्हणजे "कारण" आलं की क्रियापद शेवटी जातं, त्याला सगळे घाबरतात: "वाइल इश हॉइटं काइनं त्साइट हाबं". अहो पण आपण तरी काय म्हणतो, "कारण मला आज वेळ नाहीये", क्रियापद शेवटीच की! आकडे पण तसेच, पंचविसात पाच आधी आणि वीस नंतर, त्यांचंही "फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश". फोन नंबर लिहून घेताना पंचवीस ऐकतोय असं मनात धरा, बावन्न लिहिलं जाणार नाही. उच्चाराचं सांगायचं तर "त्साइट"मधला त्स म्हणजे आपल्या "चांगला"मधला च, "चार"मधला नाही. आणि तो दोन ठिपक्यांचा यू (ü)? ओठ "ऊ"चे करा आणि आतून "ई" म्हणा, झालं.

वेळ मात्र नीट शिका, यात मी फसलेय. डॉक्टरांकडे फोनवर मला "फिअर्टेल द्राय" सांगितलं, मी समजले सव्वातीन आणि तासभर उशिरा पोचले, अपॉइंटमेंट गेली आणि पुढची तीन आठवड्यांनी मिळाली. इथल्या श्वाबेन भागात "फिअर्टेल द्राय" म्हणजे सव्वादोन, तिसऱ्या तासातला पाव भाग झाला असा हिशोब. "हाल्ब द्राय" म्हणजे अडीच (हे सगळ्या जर्मनीत), आणि "द्रायफिअर्टेल द्राय" म्हणजे पावणेतीन. म्हणजे घड्याळ पुढच्या तासाकडे बघतं, आपल्या पावणेसारखं. तरीही अपॉइंटमेंट घेताना २:१५ असे आकडे परत म्हणून खात्री करून घ्याच.

डेअर, डी, डास (पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी शब्दांआधी लागणारी आर्टिकलं) पाठ करायच्या याद्या करू नका. तो चमचा, ती सुरी हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, कानावर पडून पडून बसलं. आता चमचा तिथेही "डेअर", पण सुरी "डास", त्यामुळे मराठीवरून अंदाज लावायला जाऊ नका, शब्द ऐकाल तेव्हा आर्टिकलसकट तोंडाने म्हणा, नुसता शब्द कधीच नको.

आता सराव कुठे करायचा. ॲपवर नाही, ठरलेल्या माणसांसोबत. माझं गाडं खरं पुढे गेलं ते केअरवोखंमुळे. श्टुटगार्टकडे पुष्कळ बिल्डिंगमधे जिना झाडायची-पुसायची आठवड्याची पाळी असते, पाळी आली की दारावर पाटी लटकते. शनिवारी मी बादली घेऊन जिन्यात दिसले की खालच्या मजल्यावरच्या आजी दार उघडून बोलायला लागायच्या, आधी कोपरा राहिलाय ते दाखवायच्या, मग गुडघा, नातू, हवा. निम्मं कळायचं नाही कारण त्या पक्कं श्वेबिश, म्हणजे इथली बोली बोलायच्या, सगळ्याला "ले" लावून, हाउस म्हणजे घर तर त्यांचं "हॉइस्ले", आपलं घरकुल म्हणा ना. पण विषय दर वेळी तेच असायचे, आणि त्याचाच फायदा झाला, तेच शब्द पन्नासदा कानावर पडले. तुमच्याकडे केअरवोखं नसेल तर फेराइन बघा, म्हणजे क्लब, बॅडमिंटन, गाणं, बागकाम काहीही. गावोगावी असतात आणि तिथे इंग्रजी चालवून घ्यायची कुणाला फारशी गरज पडत नाही.

दुकानात जायच्या आधी आपलं वाक्य पाठ करतो आपण सगळेच, पण अडतं ते समोरच्याच्या प्रश्नाला. म्हणून वहीत त्यांचे प्रश्न लिहा. बेकरीत "झोन्स्ट नोख वास?" म्हणजे अजून काही हवंय का, "त्सुम मिटनेमन?" म्हणजे पार्सल का. एका जागी असे सात-आठच प्रश्न फिरत असतात. बेकरी झाली की मेडिकल, मग पोस्ट. कान तयार व्हायला डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या चांगल्या, रोज एकच घ्या पण तीनदा ऐका.

समोरचा इंग्रजीवर गेला तर वाईट वाटून घेऊ नका, मदतच करत असतो तो. हसून म्हणा, "क्योनन विअर बिटं डॉइच श्प्रेशन? इश लेर्नं नोख." म्हणजे आपण जर्मनमधे बोलूया का, मी अजून शिकतेय. बहुतेक लोक लगेच सावकाश बोलतात. आणि फोनची भीती असेल तर पहिला फोन सोपा करा, एखाद्या दुकानाला किती वाजता बंद होतं एवढंच विचारा. मी असे फोन आठवड्यातून दोन करायचे, समोर कागद ठेवून, आणि त्या डॉक्टरांकडची पुढची अपॉइंटमेंट कागदाशिवाय घेतली, २:१५ची.