शिफ्ट सहाला, पहिली बस पावणेसातला: दक्षिण जर्मनीतल्या खेड्यात राहायला जाताना

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाचा जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार झाला. तिकडे जायचं म्हटलं की डोळ्यांसमोर श्टुटगार्ट येतं. मुंबईशी त्या शहराचं १९६८ पासून भगिनी-शहराचं नातंही आहे. पण नर्सिंगची नोकरी किंवा आउसबिल्डुंगची, म्हणजे काम करत शिकण्याच्या व्यावसायिक प्रशिक्षणाची, जागा श्वेबिशे आल्बच्या पठारावरही मिळू शकते. तिथे सहाशे-आठशे मीटर उंचीवर हजारभर वस्तीची गावं आहेत. शहरात राहणाऱ्यांचे सल्ले तिथे फारसे कामी येत नाहीत. खेड्यातला सगळा हिशेब वेळेचा असतो, आणि तो घरभाड्याच्या करारावर सही करण्याआधीच मांडायला हवा.

सुरुवात बसपासून करा. शुश्रूषागृहातली सकाळची शिफ्ट साधारण सहा ते साडेसहाला सुरू होते आणि संध्याकाळची साडेआठ-नऊला सुटते. गावातली बस मुळात शाळेच्या मुलांसाठी असते. वेळापत्रकात गाडीच्या वेळेवर बारीक अक्षर किंवा खूण असते आणि तळाला तिचा अर्थ दिलेला असतो: ‘फक्त शाळेच्या दिवशी’. म्हणजे उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांच्या सुट्टीत ती गाडी नाही. नवखा माणूस जूनमध्ये वेळापत्रक बघून घर घेतो आणि ऑगस्टमध्ये थांब्यावर उभा राहतो. म्हणून तीन दिवस वेगवेगळे तपासा: शाळेचा मंगळवार, सुट्टीतला मंगळवार आणि रविवार. अनेक भागांत रूफबस असते, म्हणजे फोन किंवा अ‍ॅपवरून आधी सांगितलं तरच येणारी गाडी. बहुधा तासभर आधी कळवावं लागतं. डॉइचलांडटिकेट २०२६ पासून महिना ६३ युरोला आहे आणि ते देशभर लोकल गाड्यांना चालतं, पण जी गाडी सुटतच नाही तिला तिकिटाचा काय उपयोग? शिफ्ट आणि बस जुळत नसतील तर मुलाखतीच्या वेळीच सांगा. सहकाऱ्याच्या गाडीतून येण्याजाण्याची सोय नोकरी देणाऱ्यांनाच लावता येते.

पुढेमागे गाडी चालवायची वेळ येतेच. भारतीय लायसन्स तिथे राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतं. जर्मन भाषांतर सोबत ठेवा. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ठरावीक तासांच्या शिकवणीची सक्ती नसते, मात्र परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलमार्फतच होते. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा एक दिवसाचा कोर्स लागतो. अर्ज पहिल्याच महिन्यात टाका, कारण कागदपत्रं आणि परीक्षेची तारीख यांत महिने जातात. चूक कुठे होते? गावातल्या गल्ल्यांत चौकाला पाटी नसते आणि तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. रस्ता रिकामा दिसला तरी वेग कमी करून मान उजवीकडे वळलेली परीक्षकाला दिसली पाहिजे.

कागदपत्रांचं काम सोपं आहे, पण क्रम चुकवू नका. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नावनोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची. पासपोर्टबरोबर घरमालकाच्या सहीचा ‘वोनुंग्सगेबर-बेश्टेटिगुंग’ हा कागद लागतो. भाडेकराराची प्रत त्याच्या जागी चालत नाही. १९७० च्या दशकात छोटी गावं एकत्र करून मोठ्या ग्रामपालिका केल्या गेल्या. त्यामुळे तुमच्या गावातलं कार्यालय आठवड्यातून काही तासच उघडं असू शकतं, आणि निवास परवान्यासाठी तर लांडराट्सआम्टला, म्हणजे जिल्हा कार्यालयाला, जावं लागतं. त्या दिवसाची रजा आधीच मागून ठेवा.

नोंदणीआधीच पत्रपेटीवर आडनाव लावा. पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच, लग्नानंतरचं वेगळं असेल तर दोन्ही. टॅक्स क्रमांक, बँकेचा पिन, आरोग्य विम्याचं कार्ड हे सगळं टपालाने येतं. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. टॅक्स क्रमांक वेळेत दिला नाही की पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जास्त, कर कापला जातो. तो नंतर परत मिळतो, पण पहिल्या महिन्याची ओढाताण टळत नाही.

भाषेचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण जर्मनची बी-टू पातळीची परीक्षा पास झालेल्यांनाही इथेच धक्का बसतो. आल्बवरचे आजी-आजोबा श्वेबिश ही इथली बोली बोलतात. त्यांचा ‘फूस’ म्हणजे फक्त पाऊल नव्हे, मांडीपासून बोटांपर्यंतचा अख्खा पाय. ‘फूस दुखतोय’ असं ऐकून पाऊल दुखतंय म्हणून नोंद केली, तर मांडीचं दुखणं कागदावरच येत नाही. म्हणून बोटाने जागा दाखवायला सांगा. ‘हेबन’ म्हणजे पुस्तकात उचलणं, इथे धरून ठेवणं. उचलण्याला ते ‘लुप्फन’ म्हणतात. रुग्णाला आधार देताना सहकारी ‘हेब’ म्हणाला आणि तुम्ही उचललंत, तर तोल जाऊ शकतो. ‘टेपिश’ मागितला तर गालिचा नको, ब्लँकेट हवं आहे.

घड्याळाच्या बाबतीत मात्र मराठी माणसाला फायदा आहे. ‘फीर्टल आख्ट’ म्हणजे सव्वासात, ‘हाल्ब आख्ट’ म्हणजे साडेसात, ‘ड्राय-फीर्टल आख्ट’ म्हणजे पावणेआठ. पावणेआठ म्हणताना आपणही येणाऱ्या आठाचंच नाव घेतो; तीच सवय पाव आणि अर्ध्याला लावायची. इंग्रजीतून विचार केला तर ‘हाल्ब आख्ट’चं साडेआठ होतं आणि औषध एक तास उशिरा जातं.

घरात सगळ्यात जास्त वाद होतो तो बुरशीवरून. कुकरच्या शिट्ट्या, उकळणारी आमटी, खोलीत वाळत घातलेले कपडे यांची वाफ बाहेरच्या भिंतीच्या थंड कोपऱ्यावर जाऊन बसते आणि कपाटामागे काळे ठिपके येतात. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवणं हा उपाय नाही. त्याने भिंत आणखी गार होते. हीटर बंद करा, समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडा, हिवाळ्यात पाच मिनिटं पुरतात. मग खिडक्या बंद करून हीटर पुन्हा लावा. दिवसातून तीन-चारदा आणि स्वयंपाकानंतर लगेच. कपाट भिंतीपासून पाच ते दहा सेंटिमीटर पुढे ठेवा. हीटरच्या खटक्यावरचा ३ आकडा म्हणजे साधारण २० अंश. ५ वर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते.

दारावर ‘केअरवोखे’ची पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी तुमची. बर्फ पडला तर फुटपाथ साफ करणं भाडेकरारानुसार तुमच्याकडे असू शकतं. कामाच्या दिवशी बहुधा सकाळी सातपर्यंत, एक माणूस नीट चालेल इतकी वाट. मीठ अनेक ठिकाणी मना आहे, बारीक खडी टाकतात. तुमची शिफ्ट सहाची असेल तर शेजाऱ्याशी अदलाबदल ठरवून ठेवा आणि शनिवारची पाळी तुम्ही घ्या. रविवारी ड्रिल, गवत कापणं, काचेच्या बाटल्या डब्यात टाकणं यातलं काही नको. रविवारी दुकानंही बंद असतात. सणवार जोडून आले तर शनिवारी दुपारीच डाळ-तांदूळ, दूध भरून ठेवा. फेब्रुवारीत पातळ शेणखताचा वास गावभर पसरतो, कारण गवताळ रानात ते टाकायची बंदी ३१ जानेवारीला संपते. त्या दिवसांत कपडे बाहेर वाळत घालू नका.

शाकाहारी असाल तर नुसत्या ‘फेगेटारिश’ शब्दावर विसंबू नका. मसूर आणि श्पेट्सले (अंड्याच्या पिठाच्या शेवया) हा इथला आवडता बेत, पण मसूर शिजवताना त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे पडतात. ‘ओने श्पेक’, म्हणजे डुकराच्या मांसाशिवाय, असं स्पष्ट सांगा. आल्बची जुनी मसूर इथल्या शेतांतून नाहीशी झाली होती. २००६ मध्ये तिचं बियाणं सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेत सापडलं. आज ती शेतकऱ्यांकडे मिळते, आणि आपल्या आमटीलाही छान लागते.

ओळखी वाढवायला दर आठवड्याला घरी येणारं ग्रामपालिकेचं पत्रक, ‘ब्लेटले’, नीट वाचा. अग्निशमन दलाचा मेळावा, बँडची तालीम, कचऱ्याची तारीख, सगळं त्यातच असतं. रस्त्यात दिसेल त्याला ‘ग्र्युस गोट’ म्हणा, अनोळखी असला तरी. गावात सामायिक भट्टी, ‘बाकहाउस’, असेल तर तिथल्या दिवसाची चौकशी करा. काटक्यांच्या मोळ्या भट्टीच्या पोटातच दीड-दोन तास जाळतात, निखारे ओढून काढतात, ओल्या फडक्याने तळ पुसतात आणि मूठभर पीठ आत फेकतात. पीठ लगेच काळं पडलं तर थांबायचं, हळूहळू तांबूस झालं तर पाव आत. त्याआधीच्या कडक आचेवर साय आणि कांदा लावलेल्या पातळ भाकऱ्या भाजतात आणि तिथेच उभ्याने वाटून खातात. जाताना आपली थाळी आणि एक मोळी घेऊन जा.