रोज बघतो, वेळेवर दिसत नाही: ट्रॅकर लावताना या चुका टाळा

गेल्या मिरचीच्या हंगामातली गोष्ट. नंदुरबारहून इंदूरला निघालेली गाडी बिजासन घाटात सहा तास एकाच जागी उभी दिसत होती. रात्री अकराला मालकाचा मला फोन. "भाऊ, ड्रायव्हरनं माल कुठंतरी उतरवला. फोनही उचलत नाही." ट्रॅकर मीच बसवलेला, म्हणून शिव्यांचा पहिला मान माझा. मी म्हटलं, फोनवरच्या नकाशात गाडीचा जो ठिपका दिसतो, त्याच्याखाली बारीक अक्षरात वेळ असते ती आधी वाचा. पाच वाजून दहा मिनिटं. म्हणजे गाडी चालूच होती, बातमी उभी राहिली होती. ट्रॅकरमधल्या सिमची मुदत त्याच दिवशी संपलेली. ड्रायव्हर इंदूरच्या अलीकडे ढाब्यावर जेवत बसला होता आणि तोवर मालकाची दोन माणसं शिरपूरला त्याच्या घरी जाऊन म्हाताऱ्या आईची उलटतपासणी करून आली होती. तो ड्रायव्हर पुढं त्या मालकाकडे टिकला नाही.

धुळ्यात मी गाड्यांना जीपीएस आणि दुकानांना कॅमेरे बसवतो. गिऱ्हाईक दिवसातून दहा वेळा ठिपका बघतं, आणि ज्या दिवशी खरी गरज पडते त्या दिवशी यंत्र मेलेलं असतं. पाळत भरपूर, तयारी शून्य. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका याच एका सवयीतून येतात.

ठिपका म्हणजे गाडी, असं समजू नका

उपग्रह तुमच्या गाडीला बघत नाही. यंत्र उपग्रहांकडून नुसते संकेत घेतं आणि स्वतःची जागा स्वतःच काढतं. ती जागा तुमच्या फोनपर्यंत पोचवायचं काम आतल्या सिमचं. धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळच्या बाजूला रेंज गेली की यंत्र जागा साठवून ठेवतं आणि टॉवर सापडला की एकदम ओतून देतं. म्हणून कधी कधी गाडी तासभर गायब असते आणि मग नकाशावर पळत सुटल्यासारखी दिसते.

ठिपका अडकला तर आधी शेवटच्या नोंदीची वेळ बघा. मग इग्निशन चालू दाखवतंय की बंद. मग बॅटरीचा व्होल्टेज. शेवटी सिमची मुदत. हे सिम बहुधा तेरा आकडी नंबरचं असतं, आपल्या नेहमीच्या रिचार्जच्या ॲपमधून त्याचं काम होत नाही. नूतनीकरण यंत्र देणाऱ्याकडूनच करून घ्यावं लागतं आणि ती तारीख विसरणं ही माझ्याकडे येणारी सगळ्यात मोठी तक्रार आहे. तारीख गाडीच्या विम्याच्या कागदावरच लिहून ठेवा, विमा तरी कोणी विसरत नाही. (विसरतात. पण कमी.)

गाडी उभी असून ठिपका शेजारच्या गल्लीत फिरत असेल तर घाबरू नका. पत्र्याच्या शेडखाली संकेत उड्या मारतात. यंत्र लोखंडी डॅशबोर्डच्या पोटात, उलटं तोंड करून बसवलेलं असलं तरी हेच होतं. त्याची वरची बाजू आकाशाकडे हवी. ट्रॅक्टरवाल्यांची तक्रार वेगळी. पेरणीनंतर ट्रॅक्टर महिनाभर उभा राहतो, यंत्र बॅटरी थेंबथेंब पीत राहतं आणि कामाच्या दिवशी सेल्फच लागत नाही. त्यासाठी यंत्रात झोपेची सोय असते, ती बसवणाऱ्याकडून चालू करून घ्या.

गाडीचा माग आणि ड्रायव्हरचा माग एक करू नका

गाडी मालकाची आहे, ती कुठे आहे हे बघायचा त्याला हक्क आहे. पण कित्येक मालक ड्रायव्हरच्या स्वतःच्या फोनमध्येही लोकेशन सुरू करून घेतात, आणि तो सुट्टीला अमळनेरला सासुरवाडीला गेला तरी इकडे ठिपका बघत बसतात. मग ड्रायव्हर काय करतो? वायर खेचतो, यंत्रावर चांदीचा कागद गुंडाळतो. कोणी जॅमर (संकेत अडवणारं यंत्र) विकत घेतो, जो परवानगीशिवाय वापरणं बेकायदा आहे. कामाला ठेवतानाच सांगा: गाडीत यंत्र आहे, कोण बघणार, किती दिवसांची नोंद राहणार. सांगितलेल्या यंत्राच्या वायरी कमी तुटतात, हा माझा दुकानातला अनुभव.

२०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि अंमल टप्प्याटप्प्यानं होतोय. पाच-दहा गाड्यांच्या मालकानंही आपल्याकडे कोणाची कोणती माहिती पडून आहे हे एकदा बघून ठेवावं.

"कळणार नाही असा लावा" म्हणू नका

महिन्यातून एकदा तरी हा माणूस दुकानात येतो. गाडी बायकोची स्कूटी, नाहीतर जळगावला शिकणाऱ्या मुलीची. आवाज खाली करतो. मी लावत नाही. धंदा बुडतो तर बुडू द्या.

भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ वाचून ठेवा. स्त्रीची इच्छा नसताना पुरुषानं तिचा पाठलाग करणं किंवा तिच्या इंटरनेट, ईमेल, फोनवरच्या संवादावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केलं तर पाचपर्यंत. "मी तिच्या भल्यासाठीच" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, आणि म्हणणाऱ्यांतले काही खरंच काळजीपोटी म्हणत असतात, हेही खरं. गावी संध्याकाळची शेवटची एसटी चुकली की बापाचा जीव टांगणीला लागतो, हे मला सांगायला नको. मलाही मुलगी आहे.

पण लपवलेलं यंत्र त्या संध्याकाळी उपयोगी पडत नाही. ॲपलच्या एअरटॅगचंच घ्या, बटणाएवढा ट्रॅकर, ऑनलाइन सहज मिळतो म्हणून त्याची चलती आहे. त्याच्यात जीपीएस नसतंच. जवळून जाणाऱ्या आयफोनच्या जिवावर तो जागा कळवतो. धडगावच्या बाजारात किती आयफोन फिरतात? शिवाय मे २०२४ पासून आयफोन आणि अँड्रॉइड, दोन्हींवर आपल्यासोबत अनोळखी ट्रॅकर फिरत असल्याची सूचना येते. मुलीला ती आली की तिच्या मनात काय येईल? कोणीतरी गुंड मागे लागलाय. तो गुंड म्हणजे आपला बाप, हे तिला पोलीस ठाण्यात कळणार.

चालणारी रीत साधी आहे. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांसाठी देता येतं. आठ तास कशाला? मुलीनं एसटीत बसल्यावर स्वतः तासाभराचं पाठवावं, तास भरला की ते आपोआप संपतं. रेंज नसलेला पट्टा कुठला हे दोघांनाही माहीत असावं, म्हणजे तिथं ठिपका थांबला की घरात रडारड होत नाही. गूगल मॅप्सवर "मी बंद करेपर्यंत" हा पर्याय निवडून लोक विसरून जातात. ती यादी आजच उघडून बघा, जुना मित्र नाहीतर जुना मालक अजून त्यात बसलेला सापडेल. आणि ठिपका फोनचा असतो, माणसाचा नव्हे. मुलीनं फोन रूममेटकडे ठेवला की तुमच्या दृष्टीनं ती दिवसभर कॉलेजातच.

अडचणीच्या क्षणी ठिपक्यापेक्षा ११२ नंबर कामाचा. स्मार्टफोनचं पॉवर बटण लागोपाठ तीनदा (काही फोनवर पाचदा) दाबल्यावर, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरल्यावर मदतीचा कॉल जातो. तुमच्या फोनवर नेमकं काय होतं ते सेटिंगमध्ये आधी बघून घ्या.

आपल्यावर पाळत आहे असं वाटलं तर लगेच उपटून फेकू नका

बाया दुकानात येतात, बहुधा मैत्रिणीला घेऊन. "तो मला सगळं सांगतो, मी कुठं होते ते." सुरुवात सोप्या जागेपासून करा. व्हॉट्सॲपमधली जोडलेली उपकरणं बघा. नवऱ्याचा नाहीतर भावाचा लॅपटॉप बहुतेकदा तिथंच सापडतो. मग गूगल खात्यात कोणकोणते फोन आहेत ते. मग सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनची परवानगी कुठल्या ॲपना आहे. "सिस्टम सर्व्हिस" अशा नावाचं, तुम्ही न टाकलेलं ॲप तिथं असेल तर शंका घ्या. प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप शोधणारी गूगलची सोय) कोणी बंद केलंय का तेही बघा.

सापडलं तर आधी दुसऱ्या फोनवरून त्याचा फोटो काढा. ॲप काढलं की समोरच्याला ते कळतं, आणि मारहाणीचं घर असेल तर तो क्षण धोक्याचा असतो. मदतीसाठी १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ लावा, पण विश्वासातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवरून.

कॅमेऱ्याच्या चुका

थोडक्यात सांगतो. पासवर्ड आहे तसाच ठेवू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण चोरून टेलिग्रामवर विकल्याचं उघड झालं. राजकोट काही लांब नाही, आणि आपल्याकडच्या दवाखान्यांत तपासणीच्या खोलीत कॅमेरा लावायला सांगणारे मला भेटले आहेत. डीव्हीआरचं (चित्रण साठवणाऱ्या पेटीचं) घड्याळ बरोबर ठेवा. वीस मिनिटं मागे असलेलं चित्रण तपासात गोंधळ घालतं. चोरी झाली की त्याच दिवशी चित्रण काढून घ्या, नाहीतर त्याच्यावर नवं चढतं. कोर्टात द्यायचं असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. कॅमेऱ्याचं तोंड शेजाऱ्याच्या अंगणाकडे नको. एकत्र घरातल्या भावांच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये, राहत्या भागात दुसऱ्याच्या संमतीशिवाय कॅमेरा चालणार नाही असं सांगितलं. खान्देशातल्या वाड्यांतही असे भाऊ पुष्कळ.

ठिपक्याच्या मागे स्वतः धावू नका

फोन चोरीला गेला, नकाशावर तो भुसावळ स्टेशनजवळ दिसतो, आणि चार पोरं मोटरसायकली काढतात. ठिपका पन्नास-शंभर मीटर इकडे तिकडे असू शकतो. भलत्याच घरात घुसाल. तक्रार नोंदवा, तिची प्रत घेऊन सरकारच्या संचार साथीवर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक करा. हा नंबर *#०६# दाबल्यावर दिसतो, पण फोन हातात असतानाच, म्हणून आज लिहून ठेवा. आणि "पैसे दिले की कॉल रेकॉर्ड काढून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. २०१८ मध्ये ठाण्यात अशाच प्रकरणात खासगी गुप्तहेर पकडले गेले होते.

हेच संचार साथी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये कंपनीनंच टाकून द्यावं असा सरकारी आदेश नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस निघाला. आरडाओरडा झाला आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात सक्ती मागे घेतली गेली. मी स्वतः ते ॲप वापरतो, लोकांनाही सांगतो, तरी सक्ती गेली ते बरं झालं असं मला वाटतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढं जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं, जामिनावरच्या आरोपीनं तपास यंत्रणेला सतत गूगल लोकेशन द्यावं ही अटही चालणार नाही असं म्हटलं. आरोपीला जेवढी मोकळीक आहे तेवढी आपल्या घरात सुनेला आहे का, हे ज्याचं त्यानं बघावं.

वडापच्या जीपवाल्यांसाठी

१ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या प्रवासी गाड्यांना ट्रॅकर आणि आपत्कालीन बटण बंधनकारक आहे. रिक्षांना सूट आहे. परवाच एक काळी-पिवळी दुरुस्तीला आली. बटण होतं, पण त्याच्यावर नव्या सीट कव्हरची शिलाई मारलेली. मालकाला विचारलं तर म्हणे, पोरं खेळत होती म्हणून झाकलं. कव्हर फाडून बटण मोकळं केलं, दाबून बघितलं. आतली वायर कधीच तुटली होती. जोडायला दहा मिनिटं लागली.