पहिल्या गाडीचं गिअरबॉक्स ऑइल घरच्या घरी बदलताना

अमेरिकेत येऊन सहा महिने झाले, लायसन्स हातात आलं, की बहुतेक मराठी घरांत पहिली गाडी येते ती होंडाची जुनी अकॉर्ड नाहीतर सिव्हिक. आपण सगळे गावाकडे क्लच-गिअर मारत शिकलेले, त्यामुळे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला स्वतःचं वेगळं ऑइल असतं आणि ते बदलावं लागतं, हे कुणी सांगितलेलंच नसतं. जुन्या मालकानं इंजिन ऑइल वेळेवर बदललेलं असतं, गिअरबॉक्सचं मात्र लाखभर मैल तसंच राहिलेलं असतं. हे ऑइल नुसतं वंगण नाही. त्याच्याच दाबावर आतले क्लच पकडतात, त्यामुळे ते खराब झालं की गिअर बदलताना धक्के बसायला लागतात. गिअरबॉक्स बदलायची वेळ आली तर जुन्या गाडीच्या किमतीएवढा खर्च समोर उभा राहतो. म्हणून कळकळीनं सांगते, गाडी घेतल्यावर पहिल्या हिवाळ्याच्या आत हे काम करून टाका.

मी २००९ साली न्यू जर्सीत एडिसनला आले. पहिली गाडी २००५ ची चार सिलिंडरची अकॉर्ड. इंजिन ऑइल स्वतः बदलायचं ठरवलं, गाडीखाली शिरले, समोर दिसला तो बोल्ट खोलला. लाल ऑइल पडलं. मला वाटलं, इकडचं ऑइल असंच असेल. बोल्ट लावला, वरून चार क्वार्ट इंजिन ऑइल ओतलं, गाडी डी मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, टाकली. इंजिन घोंघावतंय आणि गाडी जागची हलत नाही. पोटात गोळा आला. शेजारी वर्षानुवर्षं ट्रक चालवलेले एक काका राहायचे. त्यांनी येऊन आधी गाडी बंद करायला लावली आणि मग शांतपणे सांगितलं, की तू गिअरबॉक्स रिकामा केलास आणि इंजिनात दुप्पट ऑइल भरलंस. त्या दिवशी गिअरबॉक्स वाचला तो त्यांच्यामुळेच.

तेव्हा आधी बोल्ट ओळखायला शिका. २००३ नंतरच्या चार सिलिंडरच्या अकॉर्डला आणि २००६ ते २०११ च्या सिव्हिकला गिअरबॉक्स ड्रायव्हरच्या बाजूला असतो. इंजिनाच्या ऑइलचा बोल्ट साधा षटकोनी, १७ नंबरच्या पान्याचा. गिअरबॉक्सच्या बोल्टला मात्र मधोमध चौकोनी खाच असते, तिच्यात ३/८ इंचाचा रॅचेट, म्हणजे एकाच दिशेनं पकडणारी पान्याची दांडी, सॉकेट न लावता थेट बसतो. ही चौकोनी खाच डोळ्यांत साठवून ठेवा. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं खाचेत गंज आणि माती बसते. ती स्क्रूड्रायव्हरनं नीट खरवडून काढल्याशिवाय जोर लावू नका, खाच गोल झाली तर मोठी पंचाईत होते.

ऑइल कोणतं, यात तडजोड नको. या गाड्यांना होंडाचं डीडब्ल्यू-१ नावाचं गिअरबॉक्स ऑइल. डब्यावर ‘सर्व गाड्यांसाठी’ लिहिलेलं स्वस्त ऑइल घेऊ नका. गाडीत सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल, उदाहरणार्थ २०१३ पासूनची चार सिलिंडरची अकॉर्ड, तर तिला होंडाचंच एचसीएफ-२ ऑइल लागतं आणि डीडब्ल्यू-१ चुकूनही घालायचं नाही. बोल्टचा वॉशर दर वेळी नवा, तो डीलरच्या पार्ट्स काउंटरवर मिळतो. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना गिअरबॉक्सची डिपस्टिकच, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टीच, नसते, ऑइलचं तापमान मोजून पातळी बघावी लागते. ते पहिल्याच खेपेला अंगावर घेऊ नका.

जागेचंही बघा. बऱ्याच अपार्टमेंटच्या करारात पार्किंगमध्ये गाडीचं काम करायला मनाई असते. करार वाचा, नाहीतर ड्राइव्हवे असलेल्या मित्राकडे जा.

गाडी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा आणि अर्धा तास थांबा. ऑइल कोमट हवं, भाजेल इतकं गरम नको. सपाट जागा, गिअर पी (पार्क) मध्ये, हँडब्रेक, मागच्या चाकांना अडण. जॅकनं उचलून दोन स्टँडवर गाडी टेकवायची, धक्का देऊन बघायचं, मगच खाली जायचं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही, दोन मिनिटांसाठीही, जायचं नाही. डिकीतला जॅक तर फक्त चाक बदलण्यासाठी असतो.

आणखी एक, डिपस्टिक बाहेर येते ना आणि तिच्या भोकात लांब नळीचं नरसाळं बसतं ना, हे ऑइल सोडायच्या आधी बघून घ्या, कारण नवं ऑइल त्या भोकातूनच भरायचं असतं. जुनं सोडलं आणि नवं भरताच आलं नाही तर गाडी तिथेच अडकते.

बोल्ट सुटला की तो हातात घेऊन उजेडात नीट बघा. त्याच्या टोकाला लोहचुंबक असतो. त्यावर काजळासारखा मऊ, करड्या रंगाचा लेप दिसेल. तो बोटांत चोळलात तर खरखरीत लागत नाही. ही रोजची झीज, घाबरायचं कारण नाही. पण पत्र्याचे कपटे किंवा टोचणारे तुकडे मिळाले तर आत काहीतरी तुटतंय, मग जाणकार मेकॅनिकला दाखवा. नवं ऑइल कोकम सरबतासारखं लाल नि पारदर्शक असतं, जुनं कोऱ्या चहासारखं होतं. जळका वास आला तरी मेकॅनिककडेच जा.

पडलेलं ऑइल मोजून घ्या. साधारण अडीच क्वार्ट निघतं. एक क्वार्ट म्हणजे लिटरला थोडं कमी. जितकं निघालं तितकंच भरायचं. कमी पडलं तर क्लच घसरतात, जास्त झालं तर आत फेस होतो. बाकीचं ऑइल आतल्या पोकळ्यांत अडकून राहतं, म्हणून एका खेपेत फार तर चाळीस टक्के बदलतं. दुसऱ्या खेपेला नवं ऑइल साठ टक्क्यांच्या वर जातं, तिसऱ्या खेपेला पाऊणशेच्या वर. दोन खेपांच्या मध्ये गाडी सगळ्या गिअरमधून, रिव्हर्ससकट, फिरवायची. आठवड्याभरात तीन खेपा सहज होतात. काही दुकानांत मशीन लावून एका दमात सगळं ऑइल धुऊन काढतात. माझं मत विचाराल तर जुन्या गाडीला ते करू नका. सगळ्या बाजूंनी साचलेला गाळ एकदम हलतो.

पातळी बघताना गाडी स्टँडवरून उतरवून सपाट जागी ठेवा. रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत इंजिन तापवा, मग बंद करून ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक बघा. इंजिन ऑइलसारखं दहा मिनिटांनी बघितलंत तर फसाल. दोन खुणांच्या मध्ये ऑइल आलं की झालं.

पुढच्या वेळी आठवण गाडीच करून देते. २००६ पासूनच्या बऱ्याच होंडांत डॅशबोर्डवर ए किंवा बी अक्षराशेजारी ३ आकडा आला, की गिअरबॉक्सचं ऑइल बदलायची वेळ झाली.

जुनं ऑइल गटारात किंवा कचऱ्यात टाकायचं नाही. बाटल्यांत भरून ऑटोझोनसारख्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात नेऊन द्या, ते फुकट घेतात. अवजारंही तिथे अनामत भरून वापरायला मिळतात. त्या रात्री गाडीखाली एक पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी ऑफिसला निघायच्या आधी त्यावर लाल ठिपका पडलाय का, ते बघा.